लाइट गेल्यावर घ्यायच्या गोळ्या

एप्रिलच्या दुपारी लाइट गेली की आमच्या सोसायटीतली माणसं गॅलरीत येऊन एकमेकांना विचारतात, तुमच्याकडे पण गेली का? सगळ्यांचीच गेलीय हे दिसत असतं, तरी विचारतात. संकट आपल्या एकट्यावर आलेलं नाही एवढं कळलं की माणसाला बरं वाटतं. समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त साहेब तक्रारीचा फोन लावतात, तळमजल्यावरच्या वहिनींना फ्रीजमधल्या आमरसाची काळजी लागते. थोड्या वेळाने लाइट येते आणि सगळे आपापल्या घरात जातात. मी या सभेला कधी जात नाही. आतच बसते, थांबत चाललेल्या पंख्याकडे बघत. डोक्यात पहिला विचार येतो तो हाच, की बाबांनी गोळ्या घेतल्या का. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली.

तेव्हा आम्ही भिवंडीत, कामतघरला राहायचो. चाळीतली आमची मागची भिंत आणि पॉवरलूमच्या कारखान्याची भिंत यांच्यात एक गटार जाईल एवढीच जागा होती, आणि तिथून गटारच जायचं. लूमचा आवाज दिवसरात्र. पाहुणे आले की पहिल्यांदा कानांवर हात ठेवायचे, मग ओरडून बोलायचे, आणि परत जाताना आम्हाला विचारायचे की तुम्ही झोपता कसे. आम्ही छान झोपायचो. आवाज थांबला की मात्र जाग यायची. मांडणीवरचे स्टीलचे डबे सतत थरथरत असायचे, ते गप्प झाले की चाळीतल्या बायका कामातून मान वर करायच्या. शांततेवर लोक कविता करतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि खरं सांगायचं तर जरा हसूच आलं. आमच्याकडे शांतता म्हणजे घरात येणारे पैसे थांबले.

कारण बाबा कापडाच्या मीटरवर होते. पाळी बारा तासांची, पण मजुरी तासांची नाही. जेवढं कापड निघेल तेवढी. कारखान्यात घड्याळ होतं, ते पाळी बदलण्यापुरतं. बाबांच्या हाताखाली चार लूम. एकीचा धागा तुटला की ती थांबणार, तो सांधेपर्यंत दुसरीतली आडव्या धाग्याची कांडी संपणार, तिकडे धावावं तोवर तिसरी अडणार. या चौघींमध्ये माझ्या बाबांचं आयुष्य गेलं. आई म्हणायची, मी पाचवी, तेवढी एक बंद पडत न्हाय म्हनून माझ्याकडं कोन बगत न्हाय. पाळीत बाबा पाणी फारसं प्यायचे नाहीत. पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, आणि बाहेर गेलं की तेवढं कापड गेलं. उन्हाळ्यात त्यांच्या लघवीला आग व्हायची आणि ते आईने केलेलं धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायचे, तेही पाळी संपल्यावर.

पण त्यांना त्या मीटरचा अभिमान होता, हेही सांगायला हवं. "आपल्यावर कोन सायब न्हाय," ते म्हणायचे. "मालक कापडाकडं बगतो, माझ्याकडं न्हाय. मी उबा हाय का बसलोय, त्याला काय करायचंय?" त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटायचं. अर्धं अजूनही पटतं. कोणीतरी नुसतं आपल्यावर नजर ठेवायला बसलेलं असणं यासारखं अपमानाचं दुसरं काही नाही. फक्त एक गोष्ट बाबांच्या लक्षात आली नव्हती. साहेब नव्हता असं नाही, तो त्यांच्या आतच बसलेला होता, आणि तो जेवायलासुद्धा सुट्टी देत नव्हता.

दोन हजार सालानंतरच्या दशकाच्या मधलं ते वर्ष. वर्तमानपत्रात त्याला भारनियमन म्हणायचे, चाळीत सगळे लोडशेडिंग म्हणायचे. दरवर्षीच व्हायचं, पण त्या उन्हाळ्यात कहर झाला. लाइट कधी दोन तास जायची, कधी सबंध दुपार, कधी सकाळी गेली ती पाळी संपायला यायची. वेळापत्रक छापून यायचं आणि त्याप्रमाणे काही व्हायचं नाही. आंबे महाग होते की स्वस्त ते मला आठवत नाही. लग्नं किती झाली आठवत नाही. त्या उन्हाळ्याचं आठवतं ते एवढंच, की कामतघरच्या रस्त्यावर भरदुपारी माणसंच माणसं. प्रत्येक कारखान्याच्या ओट्यावर उघडीबंब माणसं बसलेली, अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले, कोणी पत्ते कुटतोय, कोणी बिडी ओढतोय, कोणी तोंडावर गमछा टाकून आडवा. घरी कोणी जायचं नाही. लाइट कधी येईल त्याचा नेम नाही, आणि येईल तेव्हा माणूस लूमपाशी नसेल तर त्याच्या जागी बदली कामगार उभा राहणार. त्या वेळेचे पैसे नव्हते आणि ती वेळ त्यांची स्वतःचीही नव्हती. असली वेळ मी नंतर कुठे पाहिली नाही. तुरुंगात असेल कदाचित.

त्याच सुमाराला बाबांच्या छातीत क्षय निघाला. होळीच्या आसपास खोकला धरला होता, तो जाईना. लूमवाल्यांना खोकला नवीन नसतो, म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग ताप यायला लागला, पट्टा एक भोक आत गेला, तेव्हा आईने त्यांना ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे पाटकर सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज एवढा मोठा की त्यांना लूमच्या कारखान्यातसुद्धा बोलता आलं असतं. त्यांनी सांगितलं, दिवसाआड यायचं, माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या, सहा महिने. बरे होणार तुम्ही, शंभर टक्के. फक्त खाडा नाही करायचा. आई रडली. बाबांनी विचारलं, "किती गोल्या हुतील सगल्या मिलून?"

सिस्टर हसल्या. आम्हीही हसलो. आजारी माणूस हिशेब करतोय म्हणजे जगायची इच्छा आहे, असं मला वाटलं होतं.

पहिले काही आठवडे ते नेमाने गेले. पण त्या गोळ्या जबर. घेतल्या की तास-दीड तासाने पोट ढवळायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा लूमपाशी उभे असतानाच उलटी झाली आणि थोडं कापड खराब झालं. मालकाने ते मजुरीतून कापलं. शेजारच्या चार लूम इदरीसभाई चालवायचे, उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यातले, बाबांहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी आपल्या चार आणि बाबांच्या चार अशा आठ लूमवर पळत ती पाळी काढून दिली, आणि बाबांच्या लूमचं कापड बाबांच्याच नावावर लागू दिलं. बाबा घरी येऊन हे सांगताना रडवेले झाले होते. उपकार झाले म्हणून नाही. आपण न विणलेलं कापड आपल्या नावावर लागलं म्हणून.

मग त्यांनी सिस्टरना गळ घातली. गोळ्या हातात द्या, मी घरी घेतो. पाळी बुडते, मजुरी कापतात, पोरीची फी आहे. सिस्टरनी आधी नाही म्हटलं, मग आठवड्याच्या गोळ्या द्यायला लागल्या. त्यांना काय दोष द्यायचा? त्यांच्या दारात असे कितीतरी जण हात जोडून उभे असायचे.

घरी गोळ्या आल्या आणि बाबांनी आपलं डोकं चालवलं. लाइट असताना गोळ्या घ्यायच्या नाहीत. लाइट असताना लूम. लाइट गेली की गोळ्या, कारण मग मळमळलं काय आणि अंधारी आली काय, ओट्यावर पडून राहायचं, नुकसान काही नाही. सलग तीन-चार दिवस लाइट टिकली तर तीन-चार दिवस गोळ्या नाहीत. मग एखाद्या दिवशी लांब गेली की राहिलेल्या सगळ्या एकदम. रखडलेलं काम जसं पाळीच्या शेवटी ओढून काढतात, तसं. आम्हाला हे माहीत नव्हतं. डबा घेऊन मी कारखान्यावर जायची तेव्हा ते ओट्यावर भिंतीला टेकून पडलेले दिसायचे, चेहरा राखेसारखा, आणि मला वाटायचं उन्हाचा त्रास होतोय.

याच दिवसांत बाळूकाका यायला लागला. बाबांचा चुलतभाऊ, भिवंडीजवळच्या राहनाळचा. त्यांच्या वाट्याची भातशेती गोडाऊनवाल्यांनी भाड्याने घेतली होती, आणि काकाच्या बोटात अंगठी आणि दारात मोटारसायकल आली होती. आमच्या आजोबांनी आमचा वाटा त्याआधीच विकून टाकला होता, त्यामुळे आमच्याकडे फक्त मागचं गटार. काका मनाने चांगला. येताना सुकी मासळी आणायचा. आमच्या घराच्या ओट्यावर बसून म्हणायचा, "दादा, गोडाऊनला ये. आपल्या गेटवर माणूस पायजेल. तासाचा पगार हाय. लाइट जावो न्हायतर येवो, घड्याल चालतं ना? पैसं चालू."

"आनि करायचं काय?" बाबा विचारायचे.

"काय म्हंजे? बसायचं. गाडी आली की गेट उगडायचं."

"आनि गाडी न्हाय आली तर?"

"तर न्हाय उगडायचं."

बाबा हसायचे. आई हसायची नाही. ती दारात उजेडाला बसून तयार शर्टांचे लोंबते धागे कापायचं काम करायची, नगावर. कात्री चालवता चालवताच म्हणायची, "जावा ना. वेलेवर जेवाल, वेलेवर गोल्या घ्याल. लाइट गेली तर आमी पन जगू दोन घास खाऊन."

"मना बसून पैसं घ्यायला जमायचं न्हाय," बाबा म्हणायचे. मग माझ्याकडे बघून चेष्टेने, "हिला जमंल. ही मास्तरीन व्हनार. पोरं शिकली काय न शिकली काय, तास भरला की पैसं."

मी पुढे खरंच तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलं. तासाप्रमाणे पैसे, मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. पोरं शिकली की नाही हे कोणी विचारलं नाही, मी शिकवलं की नाही हेही विचारलं नाही. वर्गात एकच मुलगा असला तरी मी फळ्यासमोर पूर्ण वेळ बोलत राहायची, कारण बाबा ऐकत आहेत असं वाटायचं. तासावर पैसे मिळाले की माणूस आळशी होतो आणि कामावर मिळाले की मरमर मरतो, असं लोक सरधोपट बोलतात. मला दोन्हींची चव माहीत आहे. तासवाल्याला वाटत राहतं आपण फसवतोय, आणि मीटरवाल्याला वाटत राहतं आपण कमी पडतोय. झोप दोघांनाही नसते.

वैशाखात एक दिवस सकाळीच लाइट गेली. मी लवकर डबा घेऊन निघाले. बाबा ओट्याच्या टोकाला बसून तळहातावर गोळ्या काढत होते. लाल, पांढऱ्या, तपकिरी, मूठभर. मी विचारलं, एवढ्या कशा?

"मागल्या रायल्यात त्या," ते म्हणाले, आणि अगदी सरळपणे सगळं सांगितलं. लपवायचं काही आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. उलट जरा कौतुकाची अपेक्षा होती. "एक गोली सोडली न्हाय मी. इचार सिस्टरला. आटवडा संपतो तवा पाकीट रिकामं."

शेजारी इदरीसभाई होते. ते म्हणाले, "बिटिया, मैं भी बोला इनको. दवा ऐसे नहीं खाते. सुनते नहीं."

"तू तुझी लूम बग," बाबा म्हणाले.

मी त्यांना तिथून उठवून सिस्टरकडे नेलं. लाइट गेलेली असल्यामुळे ते आले, नाहीतर आले नसते. सिस्टर ऐकत गेल्या आणि त्यांचा तो मोठा आवाज लहान होत गेला. "अहो, गोळ्या म्हणजे काय कापडाचं थान आहे का," त्या म्हणाल्या, "एकदम उरकून टाकायला? ठरल्या दिवशी पोटात गेलं तर ते औषध. नाहीतर नुसता खडू." बाबा मान खाली घालून उभे होते. मग म्हणाले, "पन सगल्या घेतल्या ना मी, बाय. एकपन बाकी न्हाय." त्यांना खरंच कळत नव्हतं. आयुष्यभर त्यांना कोणी हे विचारलंच नव्हतं की केव्हा केलंस. पूर्ण केलंस का, एवढंच विचारलं होतं. आजार हा पहिला असा मालक भेटला, ज्याला पूर्ण झालेल्या कामाशी देणंघेणं नव्हतं.

नंतर सिस्टर पुन्हा समोर गोळ्या द्यायला लागल्या. बाबा जायला लागले. पण पावसाळा लागेपर्यंत अंगात काही भरलं नाही, आणि थुंकीत रक्त दिसलं. पुन्हा तपासण्या झाल्या, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरने आम्हाला बसवून सांगितलं की जंतूंना आता या औषधांचं काही वाटेनासं झालंय. दुसरी औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत, दोन वर्षं लागतील, खर्चिक आहेत, आणि खात्री देता येत नाही. दोन वर्षं हे ऐकून बाबा पुढे झुकले. "जास्ती जास्ती घेऊन लवकर संपवता येतील का, सायब?"

डॉक्टरला तो विनोद वाटला. तो हसला. या वेळी आम्ही कोणी हसलो नाही.

मला राग येतो. इतक्या वर्षांनीही येतो. वीज मंडळावर येतो, मजुरी कापणाऱ्या मालकावर येतो, आणि सगळ्यात जास्त बाबांवर येतो, आणि त्यांच्यावर आला की मला घास गिळवत नाही. राग कुठेतरी एका जागी ठेवता आला असता तर बरं झालं असतं.

नवी औषधं सुरू झाली, आणि मग ते राहनाळला काकाच्या गेटवर गेले. लूम आता झेपतच नव्हत्या. काकाने त्यांना बाहेरच्या फाटकाशी झाडाखाली खुर्ची दिली, मोकळी हवा, माणसांपासून लांब. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. हवा तेव्हा घोटभर पाणी, जेवायला अर्धा तास, गोळ्यांची वेळ झाली की काका स्वतः ओरडून आठवण करायचा. आई जे मागत होती ते सगळं मिळालं. पण बाबांना त्या खुर्चीवर बसवेना. ते उठून अंगण झाडायचे, धाप लागली की थांबायचे, पुन्हा झाडायचे. गंजलेलं फाटक घासून काढलं. कोणी सांगितलं नसताना ट्रकच्या चाकांखालचे दगड रचून ठेवले. सुपरवायझर म्हणाला, काका, बसा ना, कशाला जीव काढताय, तर ओशाळले. संध्याकाळी रिक्षातून घरी आले की पाय धुऊन भिंतीला टेकायचे आणि आईला विचारायचे, "आज मी काय केलं?"

"कामाला गेलेलात," आई सांगायची.

"ते झालं. केलं काय?"

आई ताट वाढायला घ्यायची. पूर्वी ते यायचे तेव्हा अंगाला कापसाचा वास असायचा आणि तोंडात एक आकडा असायचा, इतके मीटर. आता नुसताच दिवस गेलेला असायचा. मला वाटतं, त्या रिकाम्या हातांनी त्यांना खोकल्याइतकंच पोखरलं. हे वैद्यकाला धरून नाही, मला माहीत आहे. पण मला असं वाटतं.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि महिन्याच्या मध्यावरच ते अंथरुणाला खिळले. मग फार दिवस लागले नाहीत. सकाळी गेले, आई त्यांचं तोंड पुसत असताना. मागे लूम चालू होत्या. खांदा द्यायला इदरीसभाई पाळी सोडून आले, आणि त्या दिवशी त्यांच्या चार लूम बदलीने चालवल्या.

तेराव्यानंतर बाळूकाका आला. जमिनीवर बसला, बोटातली अंगठी फिरवत राहिला, मग खिशातून पाकीट काढून आईपुढे ठेवलं. "सबंद म्हयन्याचा पगार हाय, वैनी."

आईने पाकीट उघडलं नाही. "अर्दाच म्हयना कामाला गेलेले ते," ती म्हणाली. "पुडचं काम न्हाय केलं त्यांनी. ते न्हाय घेनार मी. त्यांना आवडलं नसतं."

"अवो, कामाचं कोन इचारतंय," काका म्हणाला. "कामाचं न्हायत हे. वेलेचं पैसं हायत."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, खरंच माहीत नसल्यासारखं तिने विचारलं, "भावजी, त्यांना वेल कुटं मिलाली?"

काकाने पाकीट परत घेतलं नाही आणि आईने उचललं नाही. तो गेला, दिवेलागण झाली, मी स्वयंपाक केला, आम्ही दोघी जेवलो, आणि ते तिथेच जमिनीवर पडलेलं होतं.